दगडाआधी दप्तर : संस्थांमधील बाल-अत्याचारांच्या सार्वजनिक स्मारकाची रचना

१. विषयाची मांडणी

सार्वजनिक स्मारकांची जी परंपरा आधुनिक जगाच्या अंगवळणी पडली आहे, ती मुख्यतः मृतांच्या गौरवाची परंपरा आहे. रणांगणावर पडलेला सैनिक, फासावर गेलेला क्रांतिकारक किंवा राष्ट्राची घडी बसवणारा नेता यांच्यासाठी चौथरा, स्तंभ, पुतळा आणि शिलालेख अशी ठरीव सामग्री शिल्पकाराच्या हाताशी तयार असते आणि ज्याचे स्मरण करायचे तो हरकत घ्यायला हयात नसतो, ही सोयही त्यात गृहीत धरलेली असते. शासनाच्या पैशावर चाललेल्या अनाथालयांत, सुधारगृहांत आणि निवासी शाळांत ज्यांचे बालपण मारहाण, उपासमार आणि लैंगिक अत्याचार सोसण्यात गेले, त्यांच्या स्मारकाचा प्रश्न निघाला की ही सामग्री अपुरी पडते. कारण येथे स्मरण ज्यांचे करायचे त्यांतील अनेक जण हयात असतात, त्यांच्यात आपापसांत मतभेद असतात, आणि स्मारक उभारणारे शासन हे बहुधा त्या अपराधातील एक पक्ष असते.

प्रस्तुत व्याख्यानात ‘संस्थात्मक बाल-अत्याचार’ ही संज्ञा एका मर्यादित अर्थाने वापरली आहे. मूल ज्या संस्थेच्या ताब्यात कायद्याने किंवा परिस्थितीने दिले गेले, तिच्या चालकांनी केलेले, आणि देखरेख करणाऱ्या यंत्रणेने पाहूनही न पाहिल्यासारखे केलेले अत्याचार, असा तो अर्थ आहे. एखाद्या विकृत व्यक्तीचे दुष्कृत्य आणि संस्थात्मक अत्याचार यांतील भेद या दुसऱ्या भागात, म्हणजे पाहणाऱ्यांच्या गप्प बसण्यात, आहे. असे अत्याचार सोसून जे प्रौढपणापर्यंत पोहोचले त्यांना येथे ‘भुक्तभोगी’ म्हटले आहे.

या विषयाचा सर्वांत बोधप्रद इतिहास आयर्लंडमध्ये घडला. तेथे शासनाने स्मारकाचे वचन दिले, निधी ठेवला, स्पर्धा घेतली, आराखडा निवडला, आणि तरीही ते स्मारक उभे राहिले नाही. त्या अपयशाची कारणे नीट तपासली, तर अशा स्मारकाच्या रचनेचा पहिला प्रश्न आकाराचा किंवा जागेचा नसून साक्षीपुराव्यांच्या मालकीचा आहे, असे दिसून येते. ज्यांनी आपबीती सांगितली त्यांच्या हाती तिचा ताबा नसेल आणि तिचे दप्तर कुलपात असेल, तर त्यावर कोरलेला कोणताही दगड हा शासनाने स्वतःसाठी घडवलेला दगड ठरतो. पुढील विवेचनात हेच प्रतिपादन टप्प्याटप्प्याने केले आहे.

२. औद्योगिक शाळा आणि त्यांचे अर्थकारण

आयर्लंडमध्ये औद्योगिक शाळांची व्यवस्था १८६८ च्या कायद्याने, म्हणजे ब्रिटिश अमलात, सुरू झाली. निराधार आणि उनाड ठरवलेल्या मुलांना हस्तव्यवसाय शिकवून मार्गी लावणे हा तिचा घोषित हेतू होता. संस्था चालवायच्या कॅथलिक धर्मसंघांनी आणि खर्चाला अनुदान द्यायचे शासनाने, अशी ही वाटणी होती व स्वातंत्र्यानंतरही ती तशीच चालू राहिली. डब्लिनजवळचे आर्टेन १८७० ते १९६९ पर्यंत आणि पश्चिम किनाऱ्यावरील लेटरफ्रॅक १८८७ ते १९७४ पर्यंत चालले, यावरून तिचे दीर्घायुष्य लक्षात येते.

या व्यवस्थेची किल्ली दरडोई अनुदानात होती. संस्थेत जितकी मुले तितके अनुदान, असा हिशेब असल्यामुळे मूल लवकर घरी पाठवण्यात कोणाचेही हित नव्हते, आणि गरीब आईला तेच पैसे थेट देऊन मूल तिच्यापाशी ठेवावे, हा विचार दशकानुदशके बाजूला पडला. बहुसंख्य मुले गुन्हेगार नव्हती आणि अनेकांचे आईवडील किंवा त्यांतील एक जण हयात होता. दारिद्र्य, शाळेत गैरहजेरी किंवा ‘योग्य पालकत्वाचा अभाव’ ही कारणे न्यायालयाला पुरत. बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या सोसायटीचा तपासनीस गल्लीत दिसला की मुले पांगत. ज्या क्रौर्याला आळा घालायचा म्हणून तो नेमलेला होता, त्याच क्रौर्याच्या नावाने लोक त्याला ओळखत, कारण त्याच्या मागोमाग न्यायालयाचा हुकूम येई. न्यायाधीशासमोर उभे राहून ‘रवाना’ झालेल्या मुलाच्या मनात आपण शिक्षा झालेले आहोत ही समजूत कायमची बसे, आणि पुढे ज्या मागण्या भुक्तभोगींनी लावून धरल्या त्यांत हा कलंक पुसण्याची मागणी ठळक होती. १९७० साली केनेडी समितीने ही व्यवस्था मोडीत काढण्याची शिफारस केली, तोवर पिढ्यान् पिढ्या त्या दारातून आत गेलेल्या होत्या.

या संस्थांमधील अत्याचारांचा जाहीर उच्चार फार उशिरा झाला. पत्रकार मेरी रॅफ्टरी यांची ‘स्टेट्स ऑफ फिअर’ ही माहितीपट-मालिका १९९९ साली राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि त्याच वर्षी ११ मे रोजी पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी शासन व नागरिक यांच्या वतीने क्षमायाचना केली. त्यापाठोपाठ चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती मेरी लॅफॉय यांनी शासनाच्या असहकार्याकडे बोट दाखवत २००३ मध्ये अध्यक्षपद सोडले आणि न्यायमूर्ती शॉन रायन यांच्या अध्यक्षतेखाली पाच खंडांचा अहवाल २० मे २००९ रोजी प्रसिद्ध झाला. आयोगाच्या गोपनीय समितीपुढे १,०९० स्त्रीपुरुषांनी दोनशेहून अधिक संस्थांविषयी आपबीती सांगितली होती. मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार अंगभूत झाले होते, असा निष्कर्ष आयोगाने काढला.

३. डब्लिनमधील न उभारलेले स्मारक

रायन आयोगाच्या शिफारशींत पहिली शिफारस स्मारकाची होती. स्मारक उभारावे आणि त्यावर १९९९ च्या क्षमायाचनेचे शब्द कोरावेत, असे आयोगाने सुचवले. शासनाने ती स्वीकारली, समिती नेमली, पाच लाख युरोंची तरतूद केली आणि खुली स्पर्धा घेतली. २०१२ साली ‘जर्नी ऑफ लाइट’, म्हणजे प्रकाशाची वाटचाल, या नावाचा आराखडा निवडला गेला. जागा ठरली ती डब्लिनच्या पार्नेल चौकातील ‘गार्डन ऑफ रिमेंब्रन्स’ या राष्ट्रीय उद्यानाला लागून.

या जागेची निवड समजण्यासाठी उद्यानाचा परिचय आवश्यक आहे. १९१६ च्या ईस्टर उठावाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, १९६६ साली, आयरिश स्वातंत्र्यासाठी प्राण देणाऱ्यांच्या स्मरणार्थ ते खुले झाले. मध्यभागी क्रुसाच्या आकाराचा जलाशय आणि त्याच्या टोकाला शिल्पकार उशीन केली यांचे १९७१ मध्ये बसवलेले ‘लिरची मुले’ हे मोठे शिल्प आहे. लिर राजाच्या चार मुलांना सावत्र आईने शाप देऊन हंस केले आणि नऊशे वर्षे त्यांना थंड पाण्यावर काढावी लागली, ही ती आयरिश पुराणकथा. राष्ट्राने आपल्या पुनर्जन्माचे रूपक म्हणून निवडलेली ही कथा मुळात ताब्यातल्या मुलांना पाळणाऱ्यांकडून झालेल्या छळाची आहे. हे शिल्प बसवले गेले त्या वर्षीही लेटरफ्रॅकची शाळा चालूच होती. या दोन स्मृती शेजारी आणण्याची कल्पना म्हणून नुसती शोभेची नव्हती. राष्ट्राचा जन्म आणि त्या राष्ट्राने मुलांशी केलेला व्यवहार एकाच ठिकाणी वाचला जावा, असा तिचा गर्भितार्थ होता.

नियोजन अपील मंडळाने नोव्हेंबर २०१३ मध्ये परवानगी नाकारली. प्रस्तावित रचनेचा राष्ट्रीय उद्यानाच्या स्वरूपावर आणि परिसरावर विपरीत परिणाम होईल, हे कारण दिले गेले. वास्तुवारशाच्या नियमांच्या चौकटीत हा निर्णय समर्थनीय असेलही, परंतु भुक्तभोगींपर्यंत त्याचा पोहोचलेला अर्थ निराळा होता. ज्यांना लहानपणी समाजाच्या नजरेआड ठेवले गेले, त्यांच्या स्मृतीमुळे हुतात्म्यांच्या उद्यानाचे रूप बिघडते, असे एका सरकारी मंडळाने लेखी कळवले होते. त्यानंतर दुसरी जागा शोधण्याची चर्चा झाली, पण ‘जर्नी ऑफ लाइट’ उभे राहिले नाही.

तथापि या अपयशाचे सगळे खापर नियोजन मंडळावर फोडणे चूक ठरेल. भुक्तभोगींपैकी काहींचा स्मारकालाच विरोध होता. वृद्धापकाळातील औषधपाणी, घर आणि समुपदेशन यांवर खर्च व्हायला हवा असा पैसा दगडमातीत का घालायचा, हा त्यांचा प्रश्न होता. दुसरा आक्षेप अधिक मूलगामी होता. मान्य झालेल्या कल्पनेत केंद्रस्थानी जे शब्द कोरले जाणार होते, ते शासनाचे होते. क्षमायाचनेची गरज आणि तिचे ऐतिहासिक मोल मान्य करूनही असे म्हणावे लागते की क्षमा मागणाऱ्याचे वाक्य दगडात कोरल्याने मागणाऱ्याची स्मृती चिरंतन होते. ज्याच्याकडे ती मागितली त्याचे म्हणणे त्या भिंतीवर कोठेच येत नाही.

४. कोणाची नावे

युद्धस्मारकांनी रूढ केलेली सर्वांत परिणामकारक युक्ती म्हणजे नामावली. वॉशिंग्टनमधील १९८२ च्या व्हिएतनाम स्मारकावर मृत सैनिकांची अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे काळ्या दगडावर कोरलेली आहेत आणि नाव बोटाने चाचपणे हाच तेथील विधी बनला आहे. कॅनडातील निवासी शाळांत मरण पावलेल्या मूलनिवासी मुलांच्या बाबतीतही ही युक्ती अर्थपूर्ण ठरली. तेथील सत्य व सलोखा राष्ट्रीय केंद्राने २०१९ मध्ये २,८०० मुलांची नावे लिहिलेले पन्नास मीटर लांबीचे लाल कापड जाहीरपणे उलगडले, तेव्हा ज्यांच्या मृत्यूची नोंद घ्यायची तसदीही कोणी घेतली नव्हती ती मुले निदान गणनेत आली. लेटरफ्रॅकच्या दफनभूमीतील मुलांच्या नावांच्या छोट्या शिळाही त्याच जातीच्या आहेत.

हयात भुक्तभोगींच्या बाबतीत मात्र नामावली हे सन्मानाचे साधन राहत नाही. अनेकांनी आपले बालपण जोडीदारापासून आणि मुलांपासूनही लपवलेले असते, कित्येकांनी देश सोडून इंग्लंडमध्ये नवे आयुष्य उभारलेले असते, आणि ज्यांनी अजून कोणालाच काही सांगितलेले नाही अशांची संख्या कोणत्याही यादीत येऊ शकत नाही. संस्थांमधील बाल-अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने (२०१३ ते २०१७) आठ हजारांहून अधिक खासगी बैठकांत साक्षी ऐकल्या, तेव्हा अत्याचार घडल्यापासून तो प्रथम कोणाला तरी सांगेपर्यंत सरासरी २३.९ वर्षे लोटलेली आढळली. याचा रचनेशी थेट संबंध आहे. स्मारकापाशी येणाऱ्यांत असा एखादा असणारच, ज्याने आपली गोष्ट अद्याप ओठांवर आणलेली नाही, आणि त्याला आपण कोणाच्या नजरेत न येता तेथे उभे राहू शकतो ही खात्री मिळाली पाहिजे.

म्हणून नावे कोरायचीच असतील तर ती संस्थांची कोरावीत, हा पर्याय अधिक सयुक्तिक ठरतो. आयर्लंडच्या २००२ च्या भरपाई कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात अखेरीस १३९ संस्थांची नावे होती. ती यादी शासनाने स्वतः मान्य केलेली, कायद्यात छापलेली आणि वादातीत आहे. प्रत्येक संस्थेचे नाव, गाव, चालक धर्मसंघ, सुरू झाल्याचे व बंद पडल्याचे साल आणि शेवटची सरकारी तपासणी कधी झाली याची नोंद एवढेच जरी भिंतीवर आले, तरी वाचणाऱ्याला आपल्या गावचे नाव सापडते आणि प्रश्न घराशी येऊन ठेपतो. रायन अहवालात अत्याचार करणाऱ्यांची खरी नावे नाहीत. ख्रिश्चन ब्रदर्स या धर्मसंघाने न्यायालयात धाव घेतल्यानंतर आयोगाने टोपणनावे वापरण्याचे मान्य केले आणि ज्यांना न्यायालयाने दोषी ठरवले होते तेही अहवालात टोपणनावानेच आले. अशा परिस्थितीत संस्थांची नावेही स्मारकावरून गाळली, तर कर्ता नसलेल्या क्रियापदांचे एक लांबलचक वाक्य तेवढे दगडावर उरेल.

५. शरीर, वाट आणि आसन

अलीकडे वास्तुशास्त्रात ‘आघातसंवेदी रचना’ या नावाने एक विचार पुढे आला आहे. ज्याच्या शरीराने एकेकाळी कोंडमारा, मारहाण किंवा अचानक झालेला हल्ला अनुभवला आहे, त्याचे शरीर विशिष्ट जागेत, आवाजात किंवा वासात विचारापूर्वीच धोक्याची सूचना देते, हे गृहीत धरून केलेली रचना, असा त्याचा अर्थ सांगता येईल. या विचाराला अनुसरून पाहिले तर पारंपरिक स्मारककलेचे अनेक आवडते अलंकार येथे अपायकारक ठरतात. पाहणाऱ्याला एकाच दिशेने ढकलणारी अरुंद वाट, उंच भिंतींमधला अंधारा बोळ, आत शिरल्यावर मागे बंद होणारे दार, अकस्मात वाजणारा आवाज, वरून खाली रोखून पाहणारी भव्य मूर्ती: यांतील प्रत्येक गोष्ट सामान्य प्रेक्षकाला ‘अनुभव’ देते आणि भुक्तभोगीला पुन्हा त्याच वसतिगृहात नेऊन सोडते. ताब्यात असण्याची जाणीव प्रेक्षकाला करून द्यावी, हा मोह कलावंताला होतो खरा, पण ज्याला ती जाणीव करून देण्याची गरज नाही तोच त्या स्मारकाचा पहिला धनी आहे.

त्यामुळे काही साध्या अपेक्षा निष्पन्न होतात. आत आलेल्याला बाहेरचा रस्ता कोठूनही दिसावा आणि बाहेर पडण्याच्या वाटा किमान दोन असाव्यात. बसण्याच्या जागांपैकी काहींना पाठीशी भिंत असावी, म्हणजे मागून कोणी येईल ही धास्ती राहत नाही, आणि काही बाके एकट्यासाठी तर काही दोघातिघांसाठी असावीत. मजकूर उभ्या माणसाइतकाच चाकाच्या खुर्चीवरील वृद्धाला वाचता यावा. शिवाय भाषा सोपी असावी, कारण या शाळांतून अनेक जण धड लिहितावाचता न येता बाहेर पडले आणि शिक्षण हिरावले जाणे ही त्यांच्या तक्रारीतील एक मोठी बाब होती. काय वाचायचे आणि काय टाळायचे हे आधीच ठरवता यावे, म्हणून तपशीलवार वर्णने वाटेवर न येता बाजूच्या दालनात असावीत.

धार्मिक चिन्हांचा प्रश्न याच सदरात येतो. काही भुक्तभोगी आजही श्रद्धावान आहेत आणि क्रूस नसलेले स्मारक त्यांना अपुरे वाटेल. इतरांना त्याच क्रुसाखाली मारहाण झालेली आहे. अशा वेळी सर्वमान्य चिन्ह शोधत बसण्यापेक्षा चिन्हच टाळणे आणि ज्याला जे आणायचे ते आणून ठेवता येईल अशी मोकळी जागा राखणे हे शहाणपणाचे आहे.

६. फितींचे कुंपण

मोकळ्या जागेचे हे महत्त्व ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट या शहराने आराखड्याशिवाय दाखवून दिले. २०१५ साली शाही आयोगाची सुनावणी तेथे चालू असताना लोकांनी अत्याचारांशी संबंधित एका जुन्या कॅथलिक शाळेच्या कुंपणाला रंगीबेरंगी फिती बांधायला सुरुवात केली. त्याला ‘लाउड फेन्स’, म्हणजे बोलके कुंपण, हे नाव पडले. पांढऱ्या किंवा काळ्या सुतकी रंगांऐवजी भडक रंग वापरायचे, कारण इतकी वर्षे गप्प राहण्याचेच काम झाले, हा त्यामागचा विचार होता. फीत बांधणाऱ्याने आपण कोण हे सांगण्याची सक्ती नव्हती. भुक्तभोगी, त्याची बहीण, शेजारी, त्या शाळेतला एकेकाळचा वर्गमित्र, कोणीही यावे, गाठ मारावी आणि जावे. ऊन-पावसाने फिती विटत, कोणी नव्या बांधत, आणि ही प्रथा इतर देशांतील चर्चच्या कुंपणांपर्यंत पोहोचली.

या कुंपणाने तीन गोष्टी साधल्या, ज्या लाखोंच्या निधीतून साधणे कठीण जाते. पहिली म्हणजे स्मृतीची जागा अपराधाच्या जागेशीच राहिली. दुसरी, सहभागाला ओळखपत्र लागले नाही. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची होती: संस्थेची आजची वृत्ती रोजच्या रोज उघड होत राहिली, कारण फिती राहू द्यायच्या की काढून टाकायच्या हा निर्णय तिला घ्यावाच लागे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅथलिक चर्चचे कार्डिनल जॉर्ज पेल यांच्या अंत्यविधीच्या वेळी सिडनीच्या कॅथीड्रलच्या कुंपणावर लोकांनी बांधलेल्या फिती काढून टाकल्या गेल्या, लोकांनी त्या पुन्हा बांधल्या, आणि या झटापटीनेच साऱ्या देशाला कळले की प्रश्न मिटलेला नाही. शाही आयोगाने आपल्या अहवालात राष्ट्रीय स्मारक कॅनबेरा येथे उभारावे आणि त्याच्या रचनेबाबत भुक्तभोगींशी विचारविनिमय करावा, अशी शिफारस केली. राजधानीतील स्मारकाला राष्ट्रीय मान्यतेचे वजन असते हे खरे, परंतु गावातील कुंपण आणि राजधानीतील शिळा ही एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत. चांगल्या योजनेत दोहोंना स्थान असावे लागते.

७. दप्तर कोणाचे

येथपर्यंतचे विवेचन दृश्य रचनेचे होते. आयर्लंडच्या अनुभवातील खरी गोम त्या दृश्य रचनेमागे आहे. २००२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भरपाई मंडळाने पंधरा हजारांहून अधिक जणांना भरपाई दिली, पण त्याच कायद्यात एक कलम होते. अर्जदाराने आपला अर्ज, निवाडा किंवा संबंधित व्यक्ती-संस्था ओळखू येईल अशी माहिती प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरवला गेला आणि त्यासाठी जबर दंड व दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. म्हणजे ज्याला बालपणी गप्प बसवले गेले, त्याला प्रौढपणी पैसे देऊन पुन्हा गप्प बसवण्यात आले. त्याच काळात १८ धर्मसंघांशी झालेल्या करारानुसार त्यांनी १२.८ कोटी युरोंचे योगदान द्यायचे आणि उरलेला, कित्येक पटींनी मोठा, भार शासनाने सोसायचा, असे ठरले होते.

पुढे २०१९ मध्ये शासनाने एक विधेयक आणले. चौकशी आयोग, भरपाई मंडळ आणि पुनर्विलोकन समिती यांची कागदपत्रे, जी लाखोंच्या घरात होती, राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवून किमान ७५ वर्षे मोहोरबंद करावीत, असा त्याचा मसुदा होता. गोपनीयतेच्या हमीवर साक्ष दिलेल्यांचे रक्षण हा त्याचा सांगितलेला हेतू होता, आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. पण या मसुद्यात भुक्तभोगीला स्वतःच्याच साक्षीची प्रत मिळण्याची सोय नव्हती, आणि तपासनीसांचे शेरे, खात्याची पत्रे व संस्थांचे हिशेब ही सार्वजनिक कागदपत्रेही व्यक्तिगत साक्षींबरोबर त्याच पेटीत बंद होणार होती. इतिहासकार आणि भुक्तभोगी यांनी जोरदार विरोध केला आणि २०२० च्या आरंभी संसद विसर्जित झाल्यावर ते विधेयक बारगळले. २०२१ मध्ये माता-बालगृहांच्या वेगळ्या चौकशी आयोगाने सुमारे ५५० साक्षीदारांच्या ध्वनिफिती पुसून टाकल्याचे उघड झाले, आणि मोठा गदारोळ झाल्यावर त्या राखीव प्रतींतून परत मिळवल्या गेल्या. एकीकडे स्मारकाची भाषा आणि दुसरीकडे साक्षींची ही वासलात, असा हा विरोध आहे.

दप्तर म्हणजे काय आणि ते राखले गेल्याने काय होते, याचे जवळून पाहण्यासारखे उदाहरण पीटर टायरेल यांचे आहे. १९२० आणि १९३० च्या दशकांत लेटरफ्रॅकमध्ये वाढलेल्या आणि शिंपीकाम शिकलेल्या या माणसाने १९५० च्या दशकात आपल्या बालपणाची हकिगत लिहायला घेतली आणि ती सिनेटर ओवेन शीही-स्केफिंग्टन यांना पत्रांमागून पत्रे लिहून पाठवली. अधिकाऱ्यांनी, धर्मसंघाने आणि बहुतेक संपादकांनी दाद दिली नाही. १९६७ साली लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर त्यांनी स्वतःला जाळून घेतले आणि जवळजवळ वर्षभर तो मृतदेह बेवारस राहिला. अखेर ओळख पटली ती न जळलेल्या एका पोस्टकार्डाच्या तुकड्यावरून, ज्यावर स्केफिंग्टन यांचे नाव उरले होते. त्यांची हस्तलिखिते सिनेटरच्या कागदपत्रांबरोबर राष्ट्रीय ग्रंथालयात पडून राहिली, एका अभ्यासकाच्या हाती लागली आणि २००६ मध्ये ‘फाउंडेड ऑन फिअर’ या नावाने पुस्तकरूपाने आली. एका माणसाने कागद जपले आणि एका सार्वजनिक संस्थेने ते खुले ठेवले, म्हणून ही साक्ष वाचली. तेच कागद ७५ वर्षांसाठी मोहोरबंद झाले असते, तर टायरेल यांची हकिगत आजही कोणाला वाचता आली नसती.

डब्लिनच्या शॉन मॅकडरमॉट रस्त्यावरील जुन्या मॅग्डलीन धोबीघराच्या वास्तूचे पुढे जे ठरले, त्यात या धड्याची जाण दिसते. मॅग्डलीन धोबीघरे म्हणजे ‘वाट चुकलेल्या’ ठरवलेल्या मुली आणि स्त्रियांकडून विनावेतन कपडे धुऊन घेणाऱ्या, धर्मसंघांनी चालवलेल्या संस्था. हे धोबीघर त्यांतील सर्वांत शेवटी, १९९६ मध्ये, बंद पडले. महापालिकेच्या मालकीची ती वास्तू एका हॉटेल कंपनीला विकण्याचा प्रस्ताव २०१८ साली नगरसेवकांनी फेटाळला. त्याच वर्षी दोनशेहून अधिक स्त्रियांना डब्लिनमध्ये सन्मानाने बोलावून त्यांना आपले स्मरण कसे व्हावे असे वाटते हे विचारण्यात आले होते. मार्च २०२२ मध्ये शासनाने तेथे राष्ट्रीय संशोधन व स्मृती केंद्र उभारण्याचा निर्णय घेतला, ज्यात संग्रहालय, स्मृतिस्थान आणि संस्थांविषयीच्या कागदपत्रांचे अभिलेखागार एकत्र असेल. पार्नेल चौकातील प्रस्तावात जे नव्हते ते येथे निदान संकल्पनेत आले: स्मारक आणि दप्तर एका छपराखाली.

८. महाराष्ट्राच्या संदर्भात

औद्योगिक शाळा ही आयर्लंडपुरती कल्पना नव्हती. त्याच साम्राज्याच्या कारभारातून ती मुंबईतही आली आणि १८५७ मध्ये स्थापन झालेली, पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाने ओळखली गेलेली संस्था तिचे आरंभीचे उदाहरण आहे. १९२४ च्या मुंबई बालक अधिनियमापासून २०१५ च्या बाल न्याय अधिनियमापर्यंत कायद्याची भाषा बदलत गेली, सुधारगृहाचे निरीक्षणगृह व बालगृह झाले, तरी लोकांच्या तोंडी ‘रिमांड होम’ हाच शब्द राहिला.

येथे स्मारकाची चर्चा अद्याप दूर आहे, पण दप्तराची चर्चा दूर नाही. भारतात बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याने आणि २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने मनाई केली आहे, आणि बाल न्याय अधिनियमाने कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाच्या दोषसिद्धीच्या नोंदी, काही गंभीर अपवाद वगळता, नष्ट करण्याची तरतूदही केली आहे. आयर्लंडच्या मुलांना आयुष्यभर जाचलेला ‘शिक्षा झालेले मूल’ हा शिक्का टाळण्याची ही तरतूद योग्यच आहे. मात्र तिच्या आडून संस्थेचे दप्तर नष्ट होणार नाही, याची दक्षता घ्यायला हवी. मुलाची नोंद ही मुलाची असते. तपासणीचे शेरे, तक्रारवह्या, भेटींच्या नोंदी, कर्मचाऱ्यांच्या नेमणुका व बदल्या आणि अनुदानाचे हिशेब ही नोंद संस्थेची असते. पहिलीच्या गोपनीयतेचे पांघरूण दुसरीवर घालू दिले, तर पन्नास वर्षांनंतर कोणाला काही विचारायचे झाल्यास उत्तर देणारा कागदच नसेल.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून रचनेचा जो क्रम निघतो तो प्रचलित क्रमाच्या उलट आहे. सामान्यतः शासन आधी जागा आणि निधी ठरवते, मग स्पर्धा घेते, त्यानंतर भुक्तभोगींचे मत मागते आणि कागदपत्रांचा विचार सर्वांत शेवटी, तोही विधी खात्याच्या सल्ल्याने, करते. योग्य क्रम असा असावा: प्रथम प्रत्येक भुक्तभोगीला स्वतःच्या साक्षीचा आणि स्वतःच्या फाइलीचा हक्क, ती खुली करण्याचा, बंद ठेवण्याचा किंवा मुलांच्या हाती सोपवण्याचा अधिकार त्याचाच, त्याबरोबर बोलण्यावर बंदी घालणाऱ्या कलमांचे निरसन, त्यानंतर संस्थांच्या कारभाराच्या कागदपत्रांचे खुले अभिलेखागार, मग भुक्तभोगींचे निर्णायक मत असलेली समिती, जिला ‘स्मारक नको’ असे ठरवण्याचीही मुभा असेल, आणि या सगळ्यानंतर जागा, आराखडा व दगड. स्मारकाच्या निधीतून वृद्ध भुक्तभोगींच्या उपचारांचा व निवाऱ्याचा पैसा वळता होणार नाही, ही हमी या क्रमाच्या प्रत्येक पायरीवर लागू राहावी.

या क्रमावर एक आक्षेप रास्त आहे. भुक्तभोगी वृद्ध आहेत, अनेक जण वाट पाहता पाहता गेले, आणि आधी दप्तर मग दगड असा आग्रह धरल्यास विलंबाला आणखी एक सबब मिळेल. परंतु २००९ च्या शिफारशीनंतर आयर्लंडमध्ये जो काळ गेला तो दप्तराच्या आग्रहामुळे गेलेला नाही. दप्तराविना उभारायला घेतलेल्या दगडामुळे तो गेला. साक्षीची प्रत तिच्या मालकाला देण्यासाठी स्पर्धा, परीक्षक मंडळ किंवा नियोजन परवानगी लागत नाही. ते काम शासन एका कायदादुरुस्तीने आणि काही महिन्यांच्या कारकुनी श्रमाने करू शकते, आणि ते झाल्याखेरीज उभारलेल्या स्मारकाचे उद्घाटन करण्याचा नैतिक अधिकार त्याला मिळत नाही.